उघडून बघू

‘नवीनच घ्या’ हे दोन शब्द मराठी भाषेतून काही वर्षांसाठी तरी हद्दपार करावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. पूर्वी दुकानदार हे शब्द उच्चारायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थोडासा तरी संकोच असे. आता घड्याळ न्या, मिक्सर न्या, पंखा न्या, समोरचा माणूस झाकणाला हातसुद्धा न लावता निकाल देतो, “नवीनच घ्या!”

विषय निघायला कारण माझा भाचा. तो मावळात डीजे आहे. हे वाक्य चारचौघांत बोलायला आमच्या बहिणीला दोन वर्षं लागली. तोवर ती ‘त्याचं साउंडचं काम असतं’ एवढंच सांगायची. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंतच्या हळदी आणि वराती तो गाजवतो, आणि त्याचं सगळं राज्य एका चपट्या पेटीवर चालतं. तिला कंट्रोलर म्हणतात. दोन बाजूंना दोन तबकड्या आणि मध्ये आडवी सरकणारी एक कळ. ही कळ म्हणजे क्रॉसफेडर. डावीकडे सरकवली की डावं गाणं, उजवीकडे सरकवली की उजवं, आणि मधोमध ठेवली की दोन्ही. सासू-सुनेच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलाचं असंच असतं; मध्ये थांबला की दोन्हीकडचं ऐकावं लागतं.

तर कामशेतजवळच्या एका लग्नात ही कळ फितूर झाली. डावीकडे सनई, उजवीकडे वरातीचं गाणं तयार. अंतरपाट धरलेला, कळ पूर्ण डावीकडे, आणि तरीही सनईतून वरात गळायला लागली! गुरुजींचं ‘सावधान’ वधूवरांना होतं की भाच्याला, हे कोणालाच कळलं नाही. अक्षता हातात घेऊन मागची दोन पोरं नाचायलाही लागली. भाच्याचे ठरलेले पैसे कापले गेले ते वेगळंच.

पेटी पुण्याला एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. तिथल्या तरुणाने ती कानाजवळ हलवून पाहिली, नारळ पाहतात तशी. म्हणाला, “आतला बोर्ड गेला. बोर्ड सुटा येत नाही. नवीनच घ्या, काका.” नवीन म्हणजे अठ्ठावीस हजार. जुन्या पेटीचे सहा हप्ते अजून फिटायचे होते. परतीच्या लोकलमध्ये भाचा मळवली येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, तुम्ही ओळखीच्यांना विचारा ना, कुठे नोकरी असेल तर.”

माझं डोकं फिरलं ते इथे. ‘नवीनच घ्या’ हे निदान नव्हे. झाकण न उघडता बोर्ड गेल्याचं सांगणारा माणूस डॉक्टर असता, तर आपण त्याला सर्दी दाखवायला तरी गेलो असतो का?

घरी आल्यावर पेटी लॅपटॉपला जोडली. अशा कंट्रोलरमधलं गाणं त्या कळीतून जातच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कळ नुसती निरोप्या. आपण कुठे आहोत ते ती शून्य ते एकशे सत्तावीस या आकड्यांत संगणकाला कळवते. टोकाला असताना तिने शून्य सांगावं. आमची मधूनच बारा सांगत होती. निरोप्या चुकीचा निरोप देतो, आणि संगणक बिचारा दुसऱ्या गाण्याचं दार किलकिलं करतो. पडद्यावरची कळ, कोणाचा हात लागलेला नसताना, थंडी वाजल्यासारखी थरथरत होती. म्हणजे सगळा आजार जेमतेम दीड-दोन इंचांच्या वाटेवर!

वायर काढली. प्रत्येक पायरीला फोटो घेतला. स्क्रू क्रमाने चिक्कीच्या रिकाम्या डब्यात ठेवले. शेजारच्यांनी खोबरेल तेल सुचवलं, दुसऱ्यांनी पॉलिश पेपर. ही ‘तेलवाली’ मंडळी ‘नवीनच घ्या’वाल्यांची सख्खी भावंडं, ते न उघडता मारतात, हे उघडून मारतात. तेलावर धूळ बसते, आणि पेपरने आतली कार्बनची काळी पट्टीच खरवडली जाते. त्या पट्टीवरून बारीक धातूच्या जिभा सरकतात, त्यांवर सगळी मदार.

फेडरचं पत्र्याचं टोपण अलगद उचललं, आणि आत काय निघालं? हळद! शुद्ध, लग्नाची हळद. एका हंगामातल्या हळदी फटीतून आत गेल्या, त्यावर लोणावळ्याचा पावसाळा बसला, आणि पट्टीवर छान लेप तयार झाला. नवरदेवाच्या आधी पेटीलाच हळद लागली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काडीने हलक्या हाताने पुसलं (बाटलीवरचं ‘अल्कोहोल’ वाचून बहीण तेवढ्यात दोनदा डोकावून गेली), पूर्ण वाळू दिलं, फेडरचं म्हणून मिळणारं वंगण टाचणीच्या टोकाएवढं लावलं. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला एकशे सत्तावीस. अठ्ठावीस हजारांचा आजार एका दुपारीत बरा झाला.

“एवढा वेळ कोणाला आहे?” असं विचारणाऱ्यांनी शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात गाडीत बसून हा प्रश्न स्वतःला विचारावा.

पट्टी झिजलीच असती तर पुसून भागलं नसतं, हे मला मान्य आहे. पण मग फेडर बदला, पेटी कशाला? सुटा भाग विकायचा नाही आणि वर ‘भाग येत नाही’ म्हणायचं, याला व्यापार म्हणत नाहीत, कोंडी म्हणतात. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. त्यात आधी शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं घेतली. भाच्याची पेटी इलेक्ट्रॉनिक आहेच. आणि वरातीत ती ट्रॅक्टरवर असते, म्हणून शेतीच्या अवजारांतही बसवायला माझी हरकत नाही. पण कागदावरचा हक्क दुकानाच्या काउंटरपर्यंत आपणच न्यायचा असतो. तिथे ‘नवीनच घ्या’ ऐकू आलं की शांतपणे म्हणायचं, “आधी उघडून बघू.”

भाच्याने नोकरीचा विषय पुन्हा काढलेला नाही. हळदीच्या वेळी तो आता पेटीवर प्लॅस्टिक घालतो.

माझं म्हणाल, तर या यशाची बातमी फुटली आणि हिने घरातला बिघडलेला मिक्सर माझ्यापुढे आणून ठेवला. तो मी उघडला, दुरुस्त केला, बंद केला. चालतो आहे. फक्त एक स्क्रू उरला आहे. तो कुठला, ते उघडून बघायचं आहे. ही म्हणते, नवीनच घ्या. मी माझं मत बदलणार नाही.