आपल्या सर्व्हरचा चोपदार कोण?

विश्रांतवाडीत राहणाऱ्यांना ज्ञानोबांच्या पालखीबद्दल वेगळं सांगायला नको. आळंदीहून निघालेली पालखी आपल्याच रस्त्याने पुण्यात जाते. पण पुढे वाटेत मुक्कामाला काय होतं, हे किती जणांनी पाहिलंय? संध्याकाळी समाजआरतीला दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिचं म्हणणं ऐकून घेतो. हरवलं-सापडलं तिथेच पुकारलं जातं. दिंड्या शेकडो, पण सांगायची जागा एकच!

मित्रांनो, कॉलेजच्या नेटवर्कलाही अशी एक जागा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक सर्व्हर, स्विच आणि वाय-फायचा डबा आपापली नोंद, म्हणजे लॉग, लिहीत असतो. पण ती नोंद त्याच यंत्रावर पडून राहिली तर काय उपयोग? आत घुसलेला माणूस आधी स्वतःच्या पाऊलखुणा पुसतो. चोराच्या हाती तिजोरीची वही दिल्यासारखंच हे!

पुण्यातलंच उदाहरण घ्या. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. चोरांनी बनावट स्विच उभा केला होता. एटीएमची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे न जाता परस्पर मंजूर होत होती आणि २८ देशांतून पैसे काढले जात होते. अशा वेळी एकाच यंत्राची नोंद बघून काही कळत नाही. इथे मंजुरी आहे, तिथे विचारणाच नाही, ही विसंगती दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तरच दिसते.

आता गोळा कसं करायचं? रात्री क्रॉनने फाइल कॉपी करणं सर्वांत सोपं, पण तोवर नोंद पुसलेली असू शकते. नोंद झाली की लगेच बाहेर गेली पाहिजे. त्यासाठी सिसलॉग आहे. स्विच आणि राउटरवर वेगळं सॉफ्टवेअर टाकता येत नाही, पण सिसलॉग त्यांनाही येतं. जुनी पद्धत यूडीपीची. म्हणजे कॉरिडॉरमध्ये ओरडायचं, कुणी ऐकलं की नाही हे बघायचं नाही. टीसीपीवर नोंदी हरवण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. आरसिसलॉगमध्ये पत्त्याआधी एक अ‍ॅटचं चिन्ह दिलं की यूडीपी, दोन दिली की टीसीपी, इतकं सोपं आहे! मधली लाइन तुटली तर नोंदी डिस्कवर रांगेत ठेवण्याची सोयही त्यात आहे. विंडोजसाठी इव्हेंट फॉरवर्डिंग आहे. वेबसाइटसारखे प्रोग्राम फाइलमध्ये लिहितात, तिथे फ्लुएंटडी किंवा फाइलबीट बसवायचं.

एक गोष्ट मात्र सगळे विसरतात, ती म्हणजे घड्याळ. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितलंय, तसंच घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायलाही. याचा होस्टेलशी काय संबंध? ऐका. बाहेरच्या जगाला अख्खं होस्टेल अनेकदा एकाच आयपी पत्त्याने दिसतं. उद्या कुणी धमकीचा मेल पाठवला, तर पोलिसांच्या हाती तेवढा पत्ता आणि वेळ असणार. त्या क्षणी आतून कोण जोडलेलं होतं, हे फक्त आपल्या नोंदी सांगतील. नोंदी नसतील तर संशय सगळ्या मजल्यावर. आणि घड्याळ दहा मिनिटं चुकलं तर भलताच मुलगा सापडायचा! म्हणजे लॉग हा रेक्टरचा दंडुका नाही, तर निर्दोष मुलाचा साक्षीदार आहे.

पण साक्षीदार चहाडखोर होता कामा नये. कोण किती वाजता कुठली साइट बघतो, हे ऑफिसात गप्पांचा विषय झालं तर मुलं या व्यवस्थेवर विश्वास ठेवणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल. चोपदार तक्रार ऐकतो, कुणाचं बोचकं उघडून बघत नाही. म्हणून नियम लेखी हवेत: काय साठवायचं, किती दिवस, कोण बघणार. लेखी तक्रार असल्याशिवाय एकाही मुलाची नोंद उघडायची नाही. उघडलीच तर कुणी उघडली याचीही नोंद व्हावी. आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच लॉग पुसण्याचा अधिकार नको.

सुरुवातीला मोठा खर्च नाही. लॅबमधलं एक जुनं पण धड मशीन, मोठी डिस्क आणि लिनक्स एवढ्यावर काम सुरू होतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्टचे विषय सापडत नाहीत म्हणतात, त्यांनी हा घ्यावा. नियमांचा मसुदा मात्र स्टाफ आणि होस्टेल प्रतिनिधींनी एकत्र बसून करावा, आणि मशीन चालू होण्याआधी करावा.