संडासच्या भांड्यातला खार कसा काढाल?

बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत ही तक्रार नेहमीची असते. भांडे रोज घासले तरी पिवळा-तपकिरी थर जात नाही. मग ब्लीचिंग पावडर टाकली जाते आणि तिने भागले नाही की वरून अ‍ॅसिड ओतले जाते. भगिनींनो, असे कधीही करू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू निघतो. लहानशा बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. चुकून असे झालेच, तर भांडे तसेच सोडून लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला थांबत नसेल किंवा दम लागत असेल, तर डॉक्टरांकडे जा.

मुळात हा थर म्हणजे पाण्यातले क्षार आणि लोह. ब्लीचिंगने क्षार विरघळत नाहीत आणि लोहाचे डाग तर उलट पक्के होतात. आंबट पदार्थाने मात्र थर सुटतो.

१. रात्री सर्वांचे आटोपल्यावर भांड्यातले पाणी ब्रशने आत ढकला.

२. एक लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवा. ते किराणा दुकानात मिळते. पाणी उकळते नको, भांड्याला तडा जाऊ शकतो.

३. हातमोजे घालून हे पाणी थरावर ओता. उभ्या कडेवर ते टिकत नाही, तेथे जुने सुती फडके त्यात भिजवून चिकटवा.

४. सकाळी फडके काढून घ्या, प्लास्टिकच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाणी ओता. जुन्या थराला दोन-तीन रात्री लागतात.

सिरक्यात खाण्याचा सोडा मिसळू नका. फेस दिसतो, पण दोघांचाही जोर मरतो. तारेची घासणीही नको. तिने चकाकी जाते आणि ओरखड्यांत घाण जास्त धरते.

कमोडमध्ये एकाच जागी ओघळ उठत असेल, तर बहुधा टाकी गळत असते. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर वॉशर बदलून घ्या. डाग थांबेल आणि पाण्याचा इसराफही.

घासताना शिंतोडे उडतातच. या कामाचे कपडे वेगळे ठेवा, म्हणजे नमाजच्या कपड्यांच्या पाकीबद्दल मनात शंका राहणार नाही.