मेमरी चिपचा शेअर : तेजीवाले आणि मंदीवाले

वाशीच्या मसाला बाजारात हळदीचा नवा हंगाम जवळ आला की एकाच मालाबद्दल दोन ठाम मते ऐकू येतात. एक व्यापारी म्हणतो, पेरा घटला आहे, शिल्लक माल थोडा आहे, भाव चढणार. शेजारच्या गाळ्यातील दुसरा म्हणतो, चढ्या भावाच्या लोभाने पेरा वाढेल आणि आवक सुरू होताच भाव उतरेल. दोघांचाही अनुभव पिढीजात असतो आणि दोघेही प्रामाणिक असतात. एक घेतो, दुसरा विकतो, म्हणूनच सौदा होतो. आज व्यापारी घरांतील तरुण मंडळी हाच वाद वेगळ्या मालावरून घालू लागली आहेत. तो माल म्हणजे संगणकाची मेमरी चिप, आणि वादातला शेअर अमेरिकेतील मायक्रॉन कंपनीचा.

मायक्रॉनची स्थापना १९७८ साली आयडाहो राज्यातील बॉयसी शहरात झाली. गुजरातमधील साणंद येथील २.७५ अब्ज डॉलरच्या प्रकल्पामुळे हे नाव आपल्याकडे परिचित झाले. तेथे चिपची जुळणी आणि चाचणी होते. मूळ चिप परदेशातच घडते. कंपनीचे प्रमुख संजय मेहरोत्रा यांचा जन्म कानपूरचा. एप्रिल २०२५ मध्ये हा शेअर सत्तर डॉलरच्या खाली होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो अडीचशे डॉलरच्या पुढे गेला. एवढी चढण पाहिल्यावर वाद पेटणे स्वाभाविकच आहे.

वाद समजून घेण्याआधी माल समजून घेतला पाहिजे. संगणकात आकडेमोड करणारी चिप वेगळी आणि माहिती साठवणारी मेमरी चिप वेगळी. आकडेमोडीच्या चिपमध्ये प्रत्येक कंपनीची रचना निराळी असते, त्यामुळे ग्राहक सहजासहजी दुकान बदलत नाही. मेमरी चिपचे बव्हंशी तसे नाही. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांचा ठरावीक प्रतीचा माल पुष्कळसा सारखा असतो. एकाच प्रतीची साखर कोणत्या कारखान्याची, याला घाऊक बाजारात फारसे महत्त्व नसते, तशीच ही गोष्ट. अशा मालाचा भाव नाममुद्रेवर ठरत नाही. तो मागणी आणि आवक यांवर ठरतो.

तेजीवाल्यांचे म्हणणे असे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणांना अतिवेगवान मेमरी लागते. चिपचे थर एकावर एक रचून ती तयार होते आणि तेवढ्याच साठवणक्षमतेसाठी साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन चकत्या खाते. कारखान्यांची क्षमता तिकडे वळल्यामुळे साध्या रॅमचाही तुटवडा पडला. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारांपर्यंत त्याची झळ पोहोचली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले, कारण मोठ्या ग्राहकांनाच माल पुरत नव्हता. नोव्हेंबर २०२५ अखेरच्या तिमाहीत कंपनीची विक्री १३.६ अब्ज डॉलर झाली. नवा कारखाना उभा राहण्यास काही वर्षे लागतात आणि मोठे उत्पादक तीनच आहेत. मग भाव पडेल कसा, असा त्यांचा प्रश्न आहे.

मंदीवाले जुने चोपडे उघडतात. मेमरीच्या धंद्यात प्रत्येक तेजीत ‘आता चक्र संपले’ असे म्हटले गेले, आणि चक्र फिरलेच. जपानी कंपन्यांच्या स्वस्त मालापुढे इंटेलसारख्या कंपनीने १९८५ मध्ये या धंद्यातून माघार घेतली. जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये आणि जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे एल्पिडा मायक्रॉननेच विकत घेतली. खुद्द मायक्रॉनची विक्री २०२२ च्या आर्थिक वर्षात सुमारे ३०.८ अब्ज डॉलर होती. पुढच्याच वर्षी ती १५.५ अब्जांवर आली आणि ५.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला. आज तिन्ही कंपन्या क्षमता वाढवीत आहेत, चीनमध्ये चौथा स्पर्धक उभा राहत आहे आणि मागणी मूठभर बड्या ग्राहकांच्या खर्चावर टेकलेली आहे. त्यांनी हात आखडता घेतला तर काय, असा यांचा प्रश्न आहे.

शेअरचा इतिहासही मंदीवाल्यांच्या बाजूने साक्ष देतो. २००० साली मायक्रॉन नव्वद डॉलरच्या पुढे गेला होता. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये तो दोन डॉलरच्या खाली आला. तो जुना उच्चांक पुन्हा दिसण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. मात्र २००८ मध्ये घेऊन स्वस्थ बसलेल्याचे भांडवल कित्येक पटींनी वाढले, हेही तितकेच खरे. कंपनी एकच, पण घेणाऱ्याने कोणत्या भावाने घेतले यावर सारा जमाखर्च ठरला.

येथे नवख्या गुंतवणूकदाराची विशेष फसगत होते. शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे, हे गुणोत्तर पाहून शेअर स्वस्त की महाग ते ठरवण्याची रीत आहे. परंतु तेजीच्या शिखरावर नफा फुगलेला असल्याने हे गुणोत्तर लहान दिसते आणि शेअर स्वस्त वाटतो. २०१८ च्या आर्थिक वर्षात मायक्रॉनने सुमारे १४ अब्ज डॉलर नफा कमावला. त्या वर्षी शेअर नफ्याच्या जेमतेम पाचपट भावाने मिळत होता, तरीही डिसेंबरपर्यंत तो शिखरापासून निम्म्यावर आला. २०२० च्या वर्षात नफा २.७ अब्जांवर उतरला होता. कांदा चाळीस रुपये किलो असतानाच्या नफ्यावरून गाळ्याची किंमत ठरवणाऱ्याला पुढच्या हंगामात जो अनुभव येतो, तोच हा. अशा धंद्याचे मोल एका वर्षाच्या नफ्यावर न ठरवता तेजी आणि मंदी दोन्ही धरून सात-आठ वर्षांच्या सरासरीवर ठरवावे.

असा वाद ज्या शेअरबद्दल चालतो, तेथे निदान दोन बाजू ऐकायला मिळतात. त्या नसल्या तर काय होते, याचे उदाहरण नवी मुंबईकरांना दूर शोधावे लागत नाही. महापे येथे सप्टेंबर २०२४ मध्ये आरआरपी इलेक्ट्रॉनिक्सच्या चिप जुळणी प्रकल्पाचे उद्घाटन तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते झाले. सचिन तेंडुलकरही उपस्थित होते. मुंबई शेअर बाजारात नोंदलेली आरआरपी सेमीकंडक्टर ही कंपनी वेगळी. तिचा शेअर एप्रिल २०२४ मधील वीस रुपयांच्या आसपासवरून नोव्हेंबर २०२५ मध्ये अकरा हजारांच्या आसपास पोहोचला. तिच्या वार्षिक अहवालात पूर्णवेळ कर्मचारी दोन होते. चिपचे उत्पादन अद्याप सुरू केलेले नाही आणि तेंडुलकर आपले भागधारक नाहीत, असे कंपनीने स्वतःच शेअर बाजाराला कळवले. पुढे बाजाराने या शेअरचे व्यवहार आठवड्यातून एका दिवसापुरते मर्यादित केले.

यात कोणाचे चुकले हे ठरवण्याचे काम नियामकांचे. वाचकाने पाहायचे ते वेगळेच. बहुतेक सारे शेअर मोजक्या हातांत होते. विकणारा नसल्याने भाव दिवसेंदिवस अप्पर सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या कमाल मर्यादेला, टेकून राहिला. जेथे विकणाराच नाही तेथील भाव हा केवळ फलकावरचा आकडा असतो. मायक्रॉनच्या शेअरमध्ये रोज लाखो शेअर हात बदलतात. मंदीवाला आपले म्हणणे विकून मांडतो आणि तेजीवाला ते घेऊन खोडतो. भाव चुकला तरी बाहेर पडण्याचे दार उघडे असते. म्हणून कोणत्याही शेअरची शिफारस आली की आधी मंदीवाल्याचे म्हणणे शोधावे. ते सापडलेच नाही तर धोका कमी झाला असे न समजता सावध व्हावे.

परदेशी शेअर घ्यायचाच असेल तर काही व्यवहारी गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. ही सवलत व्यक्तीला आहे. भागीदारी पेढीला किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला नाही. परदेशातील मार्जिनच्या सौद्यांसाठी या योजनेतून पैसे पाठवता येत नाहीत. घेतलेला प्रत्येक शेअर, अगदी एकच असला तरी, आयकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावा लागतो. अनिवासी परकीय व्यक्तीच्या मृत्यूसमयी तिची अमेरिकेतील मालमत्ता साठ हजार डॉलरहून अधिक असल्यास तेथील वारसा कराचा प्रश्न उभा राहतो. वडिलांच्या एकट्याच्या नावावर मोठी रक्कम ठेवण्यापूर्वी कुटुंबाने याचा विचार जरूर करावा.

हंगामाच्या खरेदीसाठी राखलेले खेळते भांडवल आणि मुलीच्या शिक्षणाची ठेव या वादात उतरवू नये. बाकीच्या रकमेपैकी निम्मी बुडाली तरी दुकानाचे शटर नेहमीच्या वेळी उघडेल, एवढीच रक्कम लावावी. मग तेजीवाला जिंको वा मंदीवाला, घरातील माणसांना रात्री जागून अमेरिकेचा भाव पाहत बसावे लागणार नाही.