द्रोणाचार्य कोण, हे ठरवतं कोण?

ग्वाल्हेर ही माझी सासुरवाडी. पणजीतल्या एका सरकारी कार्यालयात फायली सरकवणाऱ्या माणसाची सासुरवाडी थेट लष्कर-ग्वाल्हेरला कशी, ती कथा पुन्हा कधीतरी. (बायकोच्या परवानगीशिवाय ती लिहिता येणार नाही.) दर एक-दोन वर्षांनी डिसेंबरात तानसेन समारोहाच्या निमित्ताने आमची तिकडे फेरी होते. रात्री गाणं ऐकायचं आणि सकाळी मामांबरोबर मैदानावर जायचं, असा कार्यक्रम. मामा म्हणजे हिचे मामा. शाळेत खेळाचे शिक्षक होते, आता निवृत्त. आयुष्यभर त्यांनी बास्केटबॉल शिकवला आणि अजूनही शिकवतात.

आजचा विषय मामा नव्हेत, पण सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागणार.

जानेवारी 2025 मध्ये आमच्या आर्मांदो कुलासोंना राष्ट्रपतींच्या हस्ते द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. कार्यालयात पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले. मग एक सहकारी म्हणाला, "शेवटी सरकारला कळलं बघ." त्या 'शेवटी'वर माझं डोकं फिरलं. कुलासोंच्या धेंपो संघाने 2005 ते 2012 या आठ हंगामांत पाच वेळा देशाचं विजेतेपद आणलं. दोनदा राष्ट्रीय फुटबॉल लीग, तीनदा आय-लीग. यातलं काही चोरून झालं नव्हतं. वर्तमानपत्रांत छापून येत होतं, अख्खा गोवा बघत होता. तरीही दिल्लीला कळायला आणखी बारा वर्षं लागली, आणि पुरस्कार मिळाला तोही जीवनगौरव विभागात. म्हणजे 'चालू कामाबद्दल' नव्हे, तर 'होऊन गेलेल्या कामाबद्दल'.

असं का होतं? सरकारी नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडायला नको. उत्तर फॉर्ममध्ये असतं. द्रोणाचार्य पुरस्काराच्या नियमांत मुख्य वजन आहे मागच्या चार वर्षांत शिष्यांनी मिळवलेल्या आंतरराष्ट्रीय पदकांना. ऑलिंपिक, विश्वस्पर्धा, एशियाड, राष्ट्रकुल असा उतरत्या गुणांचा तक्ता. आता भारतीय फुटबॉलने एशियाडमध्ये शेवटचं पदक, तेही कांस्य, 1970 साली मिळवलं. बास्केटबॉलचा संघ ऑलिंपिकला गेला तो एकदाच, 1980 साली मॉस्कोला. या खेळांच्या प्रशिक्षकाने त्या तक्त्यात काय भरायचं? लिहायचं 'निरंक' आणि खाली सही करायची.

पदक मोजणं सोपं असतं म्हणून आम्ही पदक मोजतो. शिकवणं मोजायला अवघड, म्हणून शिकवण्याच्या पुरस्कारात शिकवणं सोडून बाकी सगळं मोजलं जातं. हा माझा आरोप आहे, आणि तो पुरस्कार मिळालेल्या कोणावरही नाही. दीपाली देशपांडे यांना त्याच समारंभात द्रोणाचार्य मिळाला. स्वप्निल कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलं त्याच्या मागे त्या होत्या, आणि त्यांचा सन्मान वेळेवर झाला याचा आनंदच आहे. मुद्दा असा की पदकाच्या वाटेवर खेळाडूला चार-पाच हात लागलेले असतात, आणि आमच्या तक्त्याला दिसतो तो शेवटचा हात.

नीरज चोप्राचंच बघा. पानिपतच्या मैदानावर एका गुबगुबीत पोराच्या हातात भाला कोणी दिला? जयवीर नावाच्या भालाफेकपटूने. पुढे पंचकुल्याला नसीम अहमद, मग परदेशी तज्ज्ञ. टोकियोच्या सुवर्णानंतर 2021 च्या द्रोणाचार्य यादीत ॲथलेटिक्समधून नाव आलं ते राष्ट्रीय मुख्य प्रशिक्षक राधाकृष्णन नायर यांचं. नायर मोठे प्रशिक्षक आहेत, वाद नाही. पण वजन कमी करायला आलेल्या पोराच्या खांद्यात भाला आहे हे ज्याला पहिल्यांदा दिसलं, त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही.

आमच्या गाण्यात असं नसतं. ग्वाल्हेरला बसून हे लिहिताना तर ते फारच जाणवतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथली गायकी महाराष्ट्रात नेली. पुढे विष्णु दिगंबर पलुसकरांनी ती देशभर फिरवली. आजही एखादा तरुण गायला बसला की श्रोत्यांतला म्हातारा शेजारच्याला पहिला प्रश्न विचारतो, "कोणाकडे शिकलाय?" किती बक्षिसं मिळाली हे नंतर, बहुधा विचारतही नाहीत. आधी गुरूचं नाव, तेही कानाला हात लावून. खेळात मात्र गुरूचं नाव शोधावं लागतं, आणि शोधायला निघतं ते ऑफिस!

आता एनबीएकडे जाऊ, कारण मामा तिकडचे सामने पहाटे उठून बघतात आणि प्रत्येक वादात त्यांचा दाखला देतात. तिकडे वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक 1963 पासून निवडतात. करंडकाला रेड आउअरबाख यांचं नाव आहे. या आउअरबाखनी प्रशिक्षक म्हणून नऊ विजेतेपदं जिंकली, आणि त्यांना हा पुरस्कार मिळाला एकदा. फिल जॅक्सनची अकरा विजेतेपदं, पुरस्कार एकदा, 1996 साली. जेरी स्लोन तेवीस वर्षं युटा संघाजवळ राहिले, बाराशेहून जास्त सामने जिंकले, पुरस्कार एकदाही नाही. आणि 2018 साली तर कमाल झाली. टोरांटोने ड्वेन केसी यांना मे महिन्यात नोकरीवरून काढलं आणि जूनमध्ये ते वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले! मतं बाद फेरीच्या आधीच घेतलेली असतात, म्हणून हे असं.

म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नाही. तिकडचे पत्रकार मत देतात ते बहुतेकदा आश्चर्याला. ज्या संघाकडून काही अपेक्षा नव्हती तो वर आला की त्याचा प्रशिक्षक थोर. ज्याच्याकडे जॉर्डन आहे त्याने जिंकायचंच, त्यात काय मोठं, असा हिशेब. मामा यावर चिडतात. जॉर्डन संघात आला 1984 ला, जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाला 1989 ला, आणि पहिलं विजेतेपद आलं 1991 ला. "मग आधीची पाच वर्षं जॉर्डन काय झोपला होता?" असं ते मला विचारतात, जसा काही मीच मत दिलं होतं.

पण एक गोष्ट तिकडे आहे आणि ती मला, फायलींच्या माणसाला, फार मोठी वाटते. गेली दहाएक वर्षं कोणत्या पत्रकाराने कोणाला मत दिलं हे नावानिशी जाहीर केलं जातं. शिवाय 2017 पासून प्रशिक्षकांच्या संघटनेचा वेगळा पुरस्कार आहे. तीस संघांचे तीस मुख्य प्रशिक्षक मत देतात, स्वतःला द्यायचं नाही एवढीच अट. ज्याच्या डावपेचांनी आपली झोप उडवली तो प्रशिक्षक कसा आहे, हे समोरच्या बाकावर बसलेल्याइतकं कोणाला कळणार?

आमच्याकडे कोणी किती गुण का दिले ते कळत नाही. कधीकधी दिलेलं नाव वरच्यावर गळतं. तिरंदाजीचे जीवनज्योतसिंग तेजा यांची 2018 साली समितीने शिफारस केली, मंत्रालयाने जुन्या शिस्तभंगाच्या प्रकरणावरून नाव काढलं, त्यांनी राजीनामा दिला. 2022 साली त्याच तेजांना तोच पुरस्कार दिला. आधी चूक झाली की नंतर? फाइलवर नक्कीच काहीतरी शेरा असेल. आपल्याला तो दिसणार नाही.

आणि उशिराचं काय सांगावं! 2020 साली ॲथलेटिक्सचे पुरुषोत्तम राय यांना जीवनगौरव जाहीर झाला. कोविडमुळे समारंभ दूरस्थ होता. त्याची तालीम करून ते घरी गेले आणि आदल्या दिवशी, 28 ऑगस्टला, हृदयविकाराने वारले.

नावांवरून मात्र आम्ही हिरिरीने भांडतो. महाराष्ट्रात प्रशिक्षकांच्या पुरस्काराला दादोजी कोंडदेवांचं नाव होतं, त्यावरून रान पेटलं आणि नाव गेलं. कोणाचं नाव असावं यावर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या दहावा हिस्सा तरी तो कोणाला द्यावा यावर झाली का? केंद्राने तर द्रोणाचार्यांचं नाव निवडलं. शिष्याचा अंगठा मागून घेणारा गुरू, आणि तोही न शिकवता! इथे मध्य प्रदेशात प्रशिक्षकाला विश्वामित्र पुरस्कार देतात आणि एकलव्य पुरस्कार देतात लहान खेळाडूंना. त्या पोरांना कोणी गोष्ट पूर्ण सांगितली असेल का, मला शंका आहे.

याच ग्वाल्हेरच्या रूपसिंग स्टेडियमवर 24 फेब्रुवारी 2010 ला सचिनने दोनशे काढले. त्याच वर्षी आचरेकर सरांना पद्मश्री मिळाली. द्रोणाचार्य त्यांना 1990 मध्येच मिळाला होता, म्हणजे सचिन सतरा वर्षांचा असताना. वेळेवर मिळाला म्हणायचा. पण सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून पोरांना खेळवत होते ते त्याच्या कितीतरी आधीपासून. सचिन नावाचा मुलगा शिवाजी पार्कवर आलाच नसता तर सर कमी प्रतीचे शिक्षक ठरले असते? तक्त्याच्या हिशेबाने, हो. आणि त्यांचाच शिष्य चंद्रकांत पंडित. त्याने मुंबई, विदर्भ आणि 2022 साली मध्य प्रदेश अशा तीन संघांना प्रशिक्षक म्हणून रणजी करंडक जिंकून दिला. मध्य प्रदेशचा तो पहिलाच. पण रणजी ही काही आंतरराष्ट्रीय स्पर्धा नव्हे.

आता मामा. पाचेक वर्षांपूर्वी मला सुरसुरी आली की यांचा प्रस्ताव आपण करायचा. कोणता पुरस्कार, कोणतं कार्यालय, ते राहू दे. प्रस्ताव करणं हा माझा धंदाच आहे. पण अर्ज प्रशिक्षकाने स्वतः करायचा होता. 'माझी थोरवी खालीलप्रमाणे' छापाचा. मामा म्हणाले, "जावईबापू, छोडो जी. हे मी लिहू?" मग मीच लिहिलं. पदकविजेत्यांचा रकाना आला. त्यांच्या मुलांत रेल्वेतले आहेत, पोलिसातले आहेत, इथल्याच लक्ष्मीबाई संस्थेत शिकून खेळशिक्षक झालेले तर बरेच. राज्य संघात गेलेली एक मुलगी. तिचं प्रमाणपत्र पुरात गेलेलं. सलग चार वर्षं शिकवल्याचा दाखला हवा होता. मामा म्हणाले, "दहावी झाली की पोरं जातात. चार वर्षं कोण थांबतो?" प्रस्ताव त्रुटीसह परत आला. त्रुटी बरोबर काढल्या होत्या. मीसुद्धा त्याच काढल्या असत्या.

त्या फॉर्ममध्ये लिहायला जागा नव्हती ती गोष्ट अशी. मामा नव्या पोराला पहिला महिनाभर चेंडू आपटू देत नाहीत. फक्त पास द्यायचा, आणि ज्याला दिला त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. मैदानावरची सगळी पोरं एकमेकांना नावाने ओळखतात, लाजरी पोरं बोलायला लागतात. ज्यांना मी भेटलो त्या चाळिशीतल्या माणसांना अजून आपल्या वेळच्या सगळ्यांची नावं पाठ आहेत. एकजण म्हणाला, "सरांनी मला बोलायला शिकवलं."

प्रस्ताव करणाऱ्याने प्रशिक्षकाचा फॉर्म प्रशिक्षकाला भरायला लावू नये. त्याची जुनी पोरं शोधावीत आणि त्यांना विचारावं. समोरच्या बाकावरच्या प्रशिक्षकांना विचारावं. कोणी काय सांगितलं ते छापावं. खर्च फारसा नाही, टपालाचा तेवढा.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा कडीची जाळी फाटली होती. मामांनी बाजारातून सुतळी आणवली. त्यांना आता वर चढवत नाही, म्हणून स्टुलावर मी चढलो. ते खालून स्टूल धरून उभे राहिले, आणि गाठ उलटी मारतोय म्हणून सगळ्या पोरांसमोर मला ओरडत राहिले.