कॅन्सर पॅकेज, ४० टक्के सवलतीत

गेले तीन शनिवार हे लिहायचं टाळतोय. एकदा तर अर्धं लिहून डिलीट केलं. पण आज सकाळी मेलबॉक्स उघडला आणि परत तीच जाहिरात. "कॅन्सरचं लवकर निदान, फक्त एका रक्ततपासणीत! आई-बाबांसाठी ४० टक्के सवलत." डोकंच फिरलं. नेहमीचं हलकंफुलकं वाचायला आलेल्यांनी आजच्यापुरतं माफ करावं.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत हेच पॅकेज मी मामाला भेट दिलं होतं. मामा साताऱ्याचा, शाळेतून रिटायर झालेला गणिताचा मास्तर, तेव्हा वय ५९. चार-पाच महिने पित्ताची तक्रार चालू होती. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटायचं, पँट ढिली झाली होती. मामी म्हणायची, "रिटायर झाल्यापासून यांचं जेवणच तुटलंय." तिथल्या फॅमिली डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, दुर्बीण घालून पोट आतून बघून घ्या. मामाला त्या नळीची भयंकर भीती. मग पुण्यातला शहाणा भाचा, म्हणजे अस्मादिक, मदतीला धावला. "मामा, नळीबिळी काही नको, हल्ली रक्तातच सगळं कळतं. मी बुक करतो."

कलेक्शनचा मुलगा सकाळी सातला घरी येऊन रक्त घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर चौदा पानी रिपोर्ट, रंगीत. कॅन्सरच्या पानावर सीईए, सीए १९-९, सगळं हिरवं. मी फोन करून म्हणालो, "मामा, ऑल क्लिअर!" मामाही खूष. दुर्बिणीचा विषय तिथेच मिटला.

त्याच रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर हिमोग्लोबिन १०.८ होतं. नारिंगी रंगात. त्याखाली तांबड्या पेशींचा आकारही कमी दाखवलेला. साठीला आलेल्या पुरुषाच्या अंगातलं लोह कमी झालं, तर पोटात कुठेतरी गुपचूप रक्त गळतंय का हे आधी बघायचं असतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी म्हणालो, "बीट खा, खजूर खा."

पाच महिन्यांनी डांबरासारखी काळी शौच झाली, चक्कर येऊन मामा बाथरूममध्ये पडला. मग नळी गेलीच. जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ, आजूबाजूच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेली.

आता तुम्ही म्हणाल, एका केसवरून काय बोलतोस, एखादी टेस्ट चुकते. बरोबर. मलाही तेच वाटलं होतं, म्हणून बसून वाचलं. आणि जे वाचलं त्यानं जास्त राग आला. कारण टेस्ट चुकलेलीच नव्हती. ती ज्या कामासाठी नाहीच, त्या कामाला ती मी जुंपली होती. आणि पॅकेज विकणाऱ्यांनी मला ते आनंदानं करू दिलं.

सीईए १९६५ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांना सापडलं, तेही आतड्याच्या कॅन्सरमध्ये. सिगारेट ओढणाऱ्यांत ते एरवीही जरा जास्तच असतं. सीए १९-९ ही एक साखरेची साखळी. पित्ताशयात खडे, कावीळ, स्वादुपिंडाला सूज, कशानंही वाढते. उलट शंभरातल्या पाच ते दहा माणसांच्या शरीरात ती बनवण्याची सोयच जन्मतः नसते. अशा माणसाच्या पोटात केवढीही गाठ असो, रिपोर्ट हिरवाच! तिसरं सीए ७२-४. ही तिन्ही जठराच्या कॅन्सरच्या सगळ्या रुग्णांत मिळून पाहिली, तर एकेकटी साधारण २० ते ३० टक्के लोकांतच वाढलेली सापडतात. आणि पहिल्या स्टेजला, जिथे शोधण्यात खरा अर्थ आहे, तिथे हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास घुटमळतं. "लवकर निदान" म्हणे!

आपल्या भाषेत सांगायचं तर दहातले नऊ बग ज्या टेस्ट सूटमधून सुटतात, तिचा हिरवा बिल्ड बघून आपण प्रॉडक्शनला कोड ढकलतोय. ऑफिसात कुणी असं केलं तर सोमवारी सकाळी त्याची काय पूजा होते ते माहितीये तुम्हाला.

आता हिशोब करू, मामाच्या आवडीचा. भारतात जठराच्या कॅन्सरचे वर्षाला साधारण ६० हजार नवे रुग्ण, हा २०२० चा ग्लोबोकॅनचा अंदाज. म्हणजे लाखामागे चार-पाच. पॅकेज वयस्कांना विकतात, तर उदार होऊन लाखामागे २० धरू. मार्करची पकडही उदारपणे ३० टक्के धरू. म्हणजे सहा सापडले, चौदा जणांना "ऑल क्लिअर" मिळालं. निरोगी लोकांपैकी फक्त २ टक्क्यांत मार्कर उगाच वाढलेला निघतो असं मानू. लाखात २ टक्के म्हणजे दोन हजार. सहा खऱ्यांसाठी दोन हजार घाबरलेले. आणि पॅकेजमध्ये एकच मार्कर नसतो. असे पाच एकत्र लावले की दहातल्या जवळपास एका धडधाकट माणसाचं काहीतरी लाल निघणारच.

त्या दोन हजारांतला एक माझ्या टीममध्येच आहे. वय ३१, सीए १९-९ आलं ५२. वरची मर्यादा ३७. सीटी झालं, एमआरआय झाला, वरून-खालून दोन्ही दुर्बिणी झाल्या. दीड महिना पोरगा रात्री झोपला नाही, बायको सातव्या महिन्यात. शेवटी निघाले पित्ताशयातले खडे. तो आजही त्या लॅबचे आभार मानतो, "निदान चेक तरी झालं" म्हणून. याला काय म्हणावं?

"काहीच न करण्यापेक्षा बरं ना?" हा प्रश्न मला किमान दहा जणांनी विचारलाय. नाही, बरं नाही. मामानं काहीच केलं नसतं तर फॅमिली डॉक्टरांनी पुढच्या खेपेला परत दुर्बिणीचं टुमणं लावलं असतं, मामीनं मागे लागून नेलं असतं. माझ्या रिपोर्टनं त्या दोघांची तोंडं बंद केली.

शिवाय साधी गोष्ट बघा. जपान आणि कोरियात हा कॅन्सर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. कोरियात सरकारी कार्यक्रमात चाळिशीपुढच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी जठराची तपासणी, मुख्यतः दुर्बिणीनं. जपानमध्ये कित्येक वर्षं बेरियम पाजून एक्स-रे काढत, २०१६ पासून पन्नाशीपुढच्यांसाठी दुर्बीणही आली. चार थेंब रक्तात काम भागत असतं, तर या लोकांनी एवढ्या जनतेच्या घशात नळ्या कशाला घातल्या असत्या? हौस आहे?

रक्ततपासणीवर माझा सरसकट राग नाही हं. पेप्सिनोजेन नावाची तपासणी जठराचं अस्तर किती झिजलंय याचा अंदाज देते, पण ती धोका कुणाला जास्त ते सांगते, कॅन्सर आहे की नाही ते नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ मध्येच पक्का कर्ककारक ठरवलंय. तो सापडला तर दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकदा जातो. आणि निदान झालेल्या माणसाच्या उपचारांवर लक्ष ठेवायला मार्कर वापरतात, ते योग्यच. पण यातलं काही ४० टक्के सवलतीत दिवाळी भेट म्हणून विकता येत नाही.

आपल्याकडे सगळ्यांनाच दुर्बीण घाला असंही मी म्हणत नाही, मिझोराम सोडला तर आपल्याकडे त्याचं प्रमाण तेवढं नाही. पण चाळिशी-पन्नाशीपुढच्या माणसाचं वजन उतरतंय, भूक मेलीये, हिमोग्लोबिन घसरतंय, उलट्या होतायत, शौच काळी होतीये, तर नळी गिळायची. झोपेचं इंजेक्शन देतात, दहा-पंधरा मिनिटांत आटपतं. मामा शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलला, "झालं? एवढंच होतं?"

मामा आहे. जठराचा मोठा भाग काढला, पुढे-मागे केमो झाली, १६ किलो उतरला. दिवसातून सहा वेळा वाटीभर खातो आणि प्रत्येक वेळी घड्याळ बघतो. मला अजून एका शब्दानं बोललेला नाही, हेच जास्त टोचतं.

मागच्या महिन्यात फॉलोअपला त्याच्याबरोबर गेलो होतो. फाइल चाळून मी डॉक्टरांना विचारलं, यांचे ट्यूमर मार्कर का लिहून देत नाही? डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आदल्या आठवड्याचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. गाठ पोटात असतानाचा. सीईए नॉर्मल, सीए १९-९ नॉर्मल.

"यांच्या गाठीनं तेव्हाच काही सांगितलं नाही," ते म्हणाले, "आता काय सांगणार? सीटी करू."