पट्टा इंजिनाचा, बदनामी देशाची

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला युरोपात, त्यातही इंग्लंडात, एक सल्ला हमखास मिळतो: काहीही घे, पण फ्रेंच घेऊ नको. वायरिंग दगा देईल, इंजिन दगा देईल, आणि विकायला काढलीस तर गिऱ्हाईक मिळणार नाही. हाच विषय आपल्याकडे निघाला की प्रश्न वेगळा येतो. पुण्यात किंवा नाशकात रेनोची जुनी डस्टर बघायला गेलेला माणूस ती बिघडते का हे नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘पार्ट मिळतात का?’ आमच्या मते त्या सल्ल्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी शहाणा आहे. फ्रेंच गाड्यांच्या बदनामीचं मूळ लोखंडात जेवढं आहे, त्याहून जास्त ते गाडी विकून झाल्यावर कंपन्या ग्राहकाशी कशा वागल्या यात आहे.

यंत्राचा दोष नव्हताच, असं मात्र कुणी म्हणू नये. रेनोची दुसऱ्या पिढीची लागुना २००१ मध्ये युरो एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली गाडी ठरली. तिच्यात किल्लीऐवजी खिशात ठेवायचं कार्ड होतं, टायरमधली हवा सांगणारे सेन्सर होते, नव्या काळाचं जे जे होतं ते सगळं एकदम भरलेलं होतं. ते पुरेसं तावून-सुलाखून मात्र घेतलेलं नव्हतं. कार्ड खिशात असूनही गाडी मालकाला ओळखेना, हवा बरोबर असताना डॅशबोर्डवर दिवे लागू लागले, डिझेल गाड्यांचे टर्बो गेले. २००६ च्या फेब्रुवारीत कंपनीचे प्रमुख कार्लोस घोन यांनी रेनोची नवी योजना मांडली, तेव्हा पुढची लागुना दर्जात तिच्या वर्गातल्या पहिल्या तिघींत आणू, असं वचन त्यांना उघडपणे द्यावं लागलं. आरोप कंपनीनंच कबूल केला म्हटल्यावर आपण वकिली करण्यात अर्थ नाही.

आणि लागुना आता जुनी झाली. आज युरोपातल्या गॅरेजांत गाजतो आहे तो प्युअरटेक इंजिनाचा पट्टा. पूजो-सित्रोएनचं हे १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन २०१२ मध्ये आलं. टायमिंग बेल्ट म्हणजे काय, हे गाडीवाल्यांना सांगायला नको: व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा दातेरी रबरी पट्टा. तो साधारणपणे इंजिनाच्या बाहेर, कोरड्यात, कव्हरखाली फिरतो. इथे तो इंजिनाच्या आत, ऑइलमध्ये भिजत फिरतो. घर्षण कमी, आवाज कमी, ॲव्हरेज चांगलं, असा त्यामागचा विचार. विचारात चूक नव्हती. चूक झाली ती माणसं गाडी कशी वापरतात हे गृहीत धरण्यात. रोज चार किलोमीटरवर शाळा, तीन किलोमीटरवर बाजार, अशी फिरणारी गाडी नीट तापतच नाही. न जळलेलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ते रबराला खातं.

मेकॅनिक ऑइल भरायचं झाकण काढतो आणि आत बॅटरी मारतो. पट्ट्याची पाठ दिसते. मग रुंदी तपासायचं एक छोटं माप तो आत सोडतो आणि पट्ट्यावर बसवून बघतो. बसलं, तर मालकाला हायसं वाटतं. नाही बसलं, तर पट्टा फुगलेला असतो, पाठीवर बारीक भेगा पडलेल्या असतात, कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या असतात. चेंबर खोललं की पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर रबराचा काळा चुरा बसलेला दिसतो. त्या जाळीतूनच साऱ्या इंजिनाला ऑइल जातं. जाळी तुंबली की प्रेशर पडतं, आणि पुढे इंजिन जाम व्हायचं की नाही हा वेळेचा प्रश्न उरतो. हेच कण ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्यूम पंपाच्या वाटेत अडकले, तर ब्रेकचं पॅडल दगडासारखं होतं. दीड-दोन हातांचा एक पट्टा, पण त्यापायी माणसाचा जीव टांगणीला लागतो.

आता या इंजिनाचा दुसरा इतिहास पाहा. आपल्या वर्गात ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’चा किताब त्याला २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं मिळाला. २०१९ मध्ये जे. डी. पॉवर या संस्थेनं ब्रिटनमध्ये गाड्यांच्या भरवशाची पाहणी केली, त्यात पहिला नंबर पूजोचा आला: शंभर गाड्यांमागे ७७ तक्रारी, म्हणजे त्या वर्षी सगळ्यांत कमी. यात कुणी लबाडी केली असं नाही. पाहणी होते ती एक ते तीन वर्षांच्या गाड्यांची, आणि पट्टा फुगतो तो त्यानंतर, गाडी दुसऱ्याच्या किंवा तिसऱ्याच्या हाती गेल्यावर. नवी गाडी घेणारा सुखानं ती वापरून विकून टाकतो. झळ बसते ती कर्ज काढून जुनी गाडी घेणाऱ्याला. त्याला कुठली पाहणी विचारायला येत नाही, आणि त्याच्या इंजिनाला बक्षीस देणारे परीक्षक तेव्हा पुढच्या वर्षीच्या इंजिनांकडे वळलेले असतात. भरवसा मोजण्याची आपली सगळी मापं पहिल्या मालकासाठी बनवलेली आहेत.

या प्रकरणात कंपनी कशी वागली? पट्टा बदलण्याचा अवधी आधी भलताच लांब सांगितला होता, तो नंतर कमी केला. मोठी वॉरंटी, म्हणजे १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटर, २०२४ मध्ये दिली. इंजिन बाजारात येऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. ज्यांनी दरम्यान पदरचे पैसे घालून दुरुस्ती केली, त्यांच्यासाठी भरपाईची ऑनलाइन सोय २०२५ च्या सुरुवातीला झाली. त्यातही सर्व्हिसच्या नोंदी पुऱ्या हव्यात, ही अट. तीन हात फिरलेल्या गाडीच्या सगळ्या पावत्या कुणाकडे असतात? नव्या इंजिनात कंपनीनं पट्टा काढून चेन बसवली, ते चांगलं केलं. पण पट्ट्यापेक्षा त्या बारा वर्षांचा राग लोकांच्या मनात जास्त आहे, आणि तो राग रास्त आहे.

तरीही ‘फ्रेंच’ हा शब्द इथे का यावा, हे आम्हाला पटत नाही. ऑइलमधला पट्टा फोर्डनंही एक लिटरच्या इकोबूस्टमध्ये घातला होता आणि तिथेही तो तुटला. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन दगा द्यायची, आणि ती गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यानं तिथवर पोचायचं तर सगळा पसारा उतरवावा लागायचा. फोक्सवॅगनला सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सपायी चीनमध्ये २०१३ साली पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जर्मन गाडीत खोट निघाली की तिला इंजिनाचा नंबर मिळतो, गिअरबॉक्सचं नाव मिळतं. फ्रेंच गाडीत निघाली की देशाचं नाव मिळतं. बीएमडब्ल्यूच्या मिनी कूपरमध्ये बसलेलं १.६ लिटरचं ‘प्रिन्स’ इंजिन बीएमडब्ल्यू आणि पूजो-सित्रोएननं मिळून बनवलं होतं. त्याच्या चेनची कटकट दोन्ही घरांत सारखीच होती. मिनीवाल्यानं ती सोसली आणि पूजोवाल्यानं फ्रेंच गाड्यांना नावं ठेवली.

उलट बाजूही तशीच. रेनोचं १.५ लिटरचं के-९-के डिझेल इंजिन मर्सिडीजनं ए-क्लासमध्ये बसवलं आणि त्याला ओएम-६०७ असा आपला नंबर दिला. सित्रोएनची उच्च दाबाची हायड्रॉलिक यंत्रणा रोल्स-रॉईसनं १९६५ च्या सिल्व्हर शॅडोसाठी परवाना घेऊन वापरली. ही यंत्रणा गाजली ती सित्रोएनच्या डीएसमध्ये. ५ ऑक्टोबर १९५५ ला पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात डीएस पहिल्यांदा दाखवली आणि पहिल्या एका दिवसात १२,००० लोकांनी तिची ऑर्डर दिली. स्प्रिंगऐवजी वायू आणि द्रव यांवर तोललेली ही गाडी सुरुवातीला गळायची. तिच्यातलं लाल रंगाचं द्रव हवेतला दमटपणा ओढून घ्यायचं आणि आतले भाग गंजायचे. साठच्या दशकात हिरवं खनिज तेल आलं आणि हे दुखणं बहुतांशी संपलं. तोवर गावोगावच्या मेकॅनिकांनी तिची धास्ती घेतली होती, आणि ती धास्ती तेल बदलून गेली नाही. एकाच कारखान्यातून निघालेली कल्पना रोल्स-रॉईसमध्ये ऐट ठरते आणि सित्रोएनमध्ये कटकट, यात यंत्राचा वाटा किती आणि ती हाताळणाऱ्याच्या तयारीचा किती, याचा विचार व्हायला हवा.

आणि मग आफ्रिका. ‘फ्रेंच गाडी म्हणजे बिनभरवशाची’ हे वाक्य डाकारच्या टॅक्सीतळावर म्हणून पाहावं. पूजो ४०४ नं पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली १९६३, १९६६, १९६७ आणि १९६८ अशी चार वेळा जिंकली. पूजो ५०४ नं १९७५ आणि १९७८ मध्ये. चिखल, धूळ आणि दगडगोटे, या वाटेवर जगातल्या बहुतेक गाड्या गळून पडायच्या. रॅलीचं तरी कौतुक कशाला? नायजेरियातल्या कादुना इथे १९७५ पासून पूजोच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. फ्रान्समध्ये ५०४ ची सेडान १९८३ मध्ये बंद झाली, नायजेरियात ती नव्या शतकातही निघत होती. सेनेगलमध्ये तिच्या लांब स्टेशन वॅगनला ‘सेत-प्लास’ म्हणतात, म्हणजे सात जागांची. तीन रांगांत सात प्रवासी, टपावर पोती आणि गाठोडी, खाली खड्ड्यांचा रस्ता, आणि गाडी चाळीस वर्षांची.

ती तिथे का टिकली? यंत्र साधं होतं, सस्पेन्शन ऐसपैस होतं, हे खरंच. पण त्याहून मोठं कारण असं की तिचा कार्ब्युरेटर, तिची क्लच प्लेट, तिचे शॉकअप गावोगावी मिळत होते, आणि ती डोळे मिटून खोलणारा माणूस प्रत्येक नाक्यावर होता.

आपल्याकडे याच्या उलट घडलं, आणि ते आपल्या दाराशी घडलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि पूजो यांनी मिळून कल्याणच्या कारखान्यात पूजो ३०९ काढली. रुंद, दणकट, ॲव्हरेज देणारी डिझेल गाडी. मध्यमवर्गानं ती हौसेनं घेतली. कारखान्यात कामगारांचा तंटा चिघळला, भागीदारांत बिनसलं, आणि काही वर्षांत पूजो देश सोडून गेली. आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट: त्या ३०९ मधलं दीड लिटरचं डिझेल इंजिन पूजोचंच, टीयूडी-५ कुळातलं. तेच इंजिन मारुतीनं झेन आणि एस्टीमच्या डिझेलमध्ये घातलं. इंजिन एकच. पण एस्टीम डिझेलवाल्याला तालुक्याच्या गावीही मारुतीचं वर्कशॉप होतं आणि ३०९ वाल्याला कुणी वाली उरला नाही. नाशकात महिंद्रानं २००७ मध्ये रेनोची लोगान काढली. २०१० मध्ये रेनोशी असलेली भागीदारी मोडली, तेव्हा महिंद्रानं ती टाकून न देता पुढे व्हेरिटो या नावानं चालवली. तीच गाडी, तेच फ्रेंच डिझेल इंजिन. पार्ट मिळत राहिले आणि टॅक्सीवाल्यांनी ती वर्षानुवर्षं राबवली. कल्याण आणि नाशिक यांत दीडशे किलोमीटरसुद्धा अंतर नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे, आणि ती फ्रेंच कंपन्यांपुरती नाही. देशात गाडी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीवर विक्री बंद केल्यानंतर ठराविक वर्षं सुटे भाग पुरवण्याचं कायद्यानं बंधन हवं, आणि कंपनी निघून गेली तर त्यासाठीची रक्कम आधीच जमा करून घेतलेली हवी. सित्रोएन २०२१ मध्ये इथे आली. तिची गाडी घेणारा आजही शोरूममध्ये उभा राहून, बॉनेटकडे न बघता, ‘पार्ट मिळतात का?’ हेच विचारतो. ३०९ च्या मालकांना इंजिनाचे भाग झेन-एस्टीममुळे निदान शोधायला जागा तरी होती. पुढची काच, हेडलाइट, दाराची रबरं यांच्यासाठी विचारायला दुकानही उरलं नव्हतं.