मनोऱ्यावरचे भूत



भुताच्या गोष्टी तुम्हांला आवडतात, हे मला ठाऊक आहे. रात्री दिवे गेले की सारी मुले जवळ जवळ सरकून बसतात आणि कोणीतरी हळू आवाजात गोष्ट सुरू करतो. त्यात वाईट काही नाही. पण ती गोष्ट खरी मानून तेथेच थांबणे मात्र वाईट. असे मी का म्हणते, ते ऐका.

गेल्या वर्षी नववीच्या मुलींना घेऊन मी मुंबई विद्यापीठाची जुनी इमारत पाहायला गेले होते. चर्चगेट स्टेशनवर उतरून ओव्हल मैदानापाशी आले की समोर एक उंच दगडी मनोरा दिसतो. तोच राजाबाई टॉवर. मनोरा दिसताच एक मुलगी म्हणाली, "टीचर, इथे भूत आहे. रात्री दोन बायका वर फिरतात."

"कोणी पाहिल्या?" मी विचारले.

"माझ्या भावाच्या मित्राने ऐकले आहे."

सगळ्या हसल्या. पण एकीने माझा हात घट्ट धरला. दुसरी म्हणाली, "टीचर, जिन्न असतात ना? मग भूत का नसेल?" मी म्हटले, "श्रद्धेचा विषय वेगळा. पण अमुक मनोऱ्यावर अमुक बाई फिरते, ही श्रद्धा नव्हे, ही बातमी आहे. आणि बातमी आली तर आधी तिची खात्री करून घ्या, असे आपल्याला दीनियातच्या तासालाही शिकवतात."

मग आम्ही खात्री करायला निघालो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. या मनोऱ्याचा पाया १८६९ साली घातला गेला आणि १८७८ साली तो पूर्ण झाला. त्याची उंची २८० फूट आहे. आपल्या शाळेसारख्या सात इमारती एकावर एक ठेवल्या तर एवढी उंची होईल! याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पकाराने काढला. गंमत अशी, की तो स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नाही. कुर्ल्याच्या खाणीतला दगड येथल्याच कारागिरांनी घडवला. मनोऱ्यासाठी पैसा दिला प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने आणि नाव दिले आपल्या आईचे, राजाबाईचे. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतील ज्या जुन्या इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, त्यात ही इमारतही आहे.

आधी परवानगी काढली होती, म्हणून खालचे ग्रंथालय पाहायला मिळाले. रंगीत काचांमधून आलेला उजेड टेबलांवर पडला होता. त्या उजेडात तरुण मुले-मुली मान खाली घालून वाचत होती. हात धरणाऱ्या मुलीने तेथे माझा हात सोडला. मनोऱ्यावर जाण्यास मात्र सर्वांना मनाई आहे.

बाहेर आल्यावर मी मुलींना मैदानात बसवले आणि खरी हकिकत सांगितली.

२५ एप्रिल १८९१ रोजी बचूबाई आणि पिरोजबाई या दोन तरुण पारशी स्त्रिया मनोरा पाहायला वर गेल्या होत्या. त्या उंचावरून खाली पडल्या आणि मरण पावल्या. बचूबाईंचे पती म्हणजे अर्देशिर गोदरेज. पुढे कुलपांचा कारखाना काढणारे ते हेच. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. या घटनेने सारे शहर हादरले. त्या दोघी कशा पडल्या? त्यांच्यावर कोणी हल्ला केला का? लोकांनी हे प्रश्न विचारले. एका माणसावर उच्च न्यायालयात खटला चालला, पण तो निर्दोष सुटला. ते न्यायालय विद्यापीठाच्या शेजारीच आहे. मनोऱ्यावर नेमके काय घडले, हे पूर्णपणे उजेडात आलेच नाही.

मुली गप्प झाल्या. मग एक म्हणाली, "म्हणजे त्या भूत नव्हत्या. त्या माणसे होत्या."

मित्रांनो, त्या मुलीने माझे अर्धे काम केले. राहिलेले अर्धे मी सांगते.

माझे आजोळ जळगाव जिल्ह्यातील एका खेड्यात. तेथे एका विहिरीला आम्ही मुले 'चुडैलची विहीर' म्हणत होतो. तिच्या बाजूने जाताना मी डोळे मिटून पळत असे. मोठी झाल्यावर मी नानीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, चुडैल कसली? गल्लीतली सून होती बिचारी. पहाटे अंधारात पाणी शेंदायला गेली. पावसाने काठ निसरडा झाला होता. पाय घसरला."

त्या विहिरीला कठडा नव्हता. ती बाई गेल्यावरही कोणी कठडा बांधला नाही. सगळे म्हणाले, विहीरच वाईट आहे, तिच्यात चुडैल आहे. चुडैलला दोष दिला की कठडा बांधावा लागत नाही! काही वर्षांनी एका शेतकऱ्याचे वासरू त्याच विहिरीत पडले. मग कोठे कठडा झाला. त्या सुनेचे नाव नानीलाही आठवले नाही. चुडैल मात्र सर्वांना आठवते.

म्हणून मला भुताच्या गोष्टीची भीती वाटते. भुताची नव्हे, गोष्टीची. ती माणसाचे नाव पुसून टाकते. आणि 'हे का घडले?' हा प्रश्न विचारू देत नाही. १८९१ सालच्या लोकांना उत्तर मिळाले नाही, पण त्यांनी प्रश्न तरी विचारला. आपण मात्र 'भूत आहे' म्हणतो आणि पुढे जातो.

'अफवा' हा मराठी शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूत आपण 'अफ़वाह' म्हणतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ 'तोंडे' असा आहे. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते, ती अफवा. आणि मराठीत 'भूत' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. उर्दू व्याकरणात ज्याला आपण 'माज़ी' म्हणतो, त्याला मराठीत 'भूतकाळ' म्हणतात. भूत म्हणजे होऊन गेलेले. त्या अर्थाने पाहिले, तर राजाबाई टॉवरमध्ये भूत नक्कीच आहे. दगड घडवणारे कारागीर आहेत, एका मुलाची आई आहे, बचूबाई आणि पिरोजबाई आहेत. त्यांना भिऊ नका. त्यांची ओळख करून घ्या.

तुमच्या गावात, गल्लीत एखादे 'भुताचे' झाड, विहीर किंवा ओसाड घर असेलच. पुढच्या वेळी तेथून पळू नका. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, "येथे कोण राहत होते? त्यांचे नाव काय? काय झाले होते?" आणि कठडा नसेल, तर तोही बांधायला सांगा.